छपरावरचे ऊन आणि विजेचे बिल



चैत्र-वैशाखात पुण्याचे ऊन कडक होते. ३० एप्रिल १८९७ या दिवशी पुण्यात ४३.३ अंश उष्णतामान झाले होते. तशी नोंद हवामान खात्याच्या दप्तरी आहे. उलट १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशापर्यंत उतरला होता. म्हणजे आपल्या भागात घर असे हवे, की जे उन्हाळ्यात गार राहील आणि थंडीत ऊब धरील.

ही गोष्ट शहराचीच नाही. हवेली, मुळशी, भोर, पुरंदर, कुठेही जा. पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते. सिमेंटचा स्लॅब रात्री बारापर्यंत गरम राहतो. लेकरे रडतात. म्हाताऱ्या माणसांचा जीव कासावीस होतो. रात्री झोप नाही, तर सकाळी काम काय होणार?

मग आपण काय करतो? पंखा आणतो. पंखा पुरेना म्हणून कूलर आणतो. कोणी कर्ज काढून एसी बसवतो. महिन्याने विजेचे बिल आले की कपाळाला हात लावतो.

गळक्या नावेतले पाणी उपसत बसावे, पण भोक बुजवू नये, तसे हे झाले. आधी भोक बुजवा, मग उरलेले पाणी उपसा. घराचेही तसेच आहे. आधी ऊन बाहेर अडवा. मग गरज उरलीच तर यंत्र घ्या. एवढी एकच गोष्ट आम्हांला आज सांगायची आहे.

उष्णता घरात येते कशी?

उष्णता तीन वाटांनी चालते. तिन्ही वाटा आपल्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

पहिली वाट. उलथन्याचे एक टोक कढईत ठेवा. थोड्या वेळाने दांडा हाताला चटका देतो. उष्णता लोखंडातून चालत आली. पत्र्यातून आणि स्लॅबमधून ती अशीच खाली येते. लाकडी मुठीतून मात्र ती लवकर येत नाही. लाकूड, गवत, कापूस, कोंडलेली हवा या वस्तू उष्णतेला अडवतात. गोधडी अंगाला ऊब देते, ती गोधडीत विस्तव असतो म्हणून नव्हे. ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

दुसरी वाट वाऱ्याची. दुपारची झळ खिडकीतून आत शिरते.

तिसरी वाट. शेकोटीपुढे बसा. वारा उलट्या दिशेने असला तरी तोंडाला धग लागते. सूर्याची उष्णता अशीच थेट येते. तापलेला पत्राही खाली बसलेल्या माणसाला अशीच धग देतो.

एक प्रयोग करून पाहा. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून काजळी फासा. दुसऱ्याला पांढरा रंग द्या. दोन्हींत सारखे पाणी भरा, झाकणे लावा आणि दोन तास उन्हात ठेवा. मग बोट बुडवून पाहा. काळ्या डब्यातले पाणी जास्त तापलेले आढळेल. काळा रंग ऊन पितो, पांढरा रंग ऊन परतवतो. पुढे सांगितलेले अर्धे काम या एका प्रयोगात आले.

जुन्या वाड्यात गारवा का असे?

पुण्यात शनिवारवाडा आहे. तो १७३२ साली बांधून झाला. विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास झाला. हे तर पेशव्यांचे वाडे. पण पेठांतून साध्या गृहस्थांचेही शेकडो वाडे होते. त्यांत वीज नव्हती, पंखा नव्हता. तरी माजघरात भर दुपारी डोळा लागत असे.

त्याचे कारण बांधणीत होते. भिंती हात-दीड हात जाड. ऊन आतपर्यंत पोचायला संध्याकाळ व्हायची. वर कौले, कौलांखाली माळा. कौले तापली तरी माळ्यावरची हवा मध्ये अडसर होई. मधोमध उघडा चौक. रात्री चौकातली हवा निवे आणि चारी बाजूंच्या सोप्यांत खेळे. ओसरी पुढे असल्यामुळे भिंतीवर थेट ऊन पडत नसे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पुरात पडले. उरलेल्यांतले बरेच पुढे जुने झाले म्हणून उतरवले गेले. त्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. खेड्यांतूनही धाब्याची घरे जाऊन पत्रा आणि स्लॅब आला.

मग पुन्हा मातीचे जड धाबे घालावे काय? नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जड भिंती आणि मातीची जड छपरे अंगावर पडून हजारो माणसे दगावली. म्हणून वाड्याची अक्कल घ्यावी, वजन घेऊ नये. सावली, पांढरा रंग आणि मधली हवा, यांना वजन नाही आणि फारसा पैसाही नाही.

आधी छप्पर

बैठ्या घराला सर्वांत जास्त ऊन छपरावर लागते. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून पहिला रुपया छपरावर खर्चावा.

स्लॅब असेल तर तो झाडून धुऊन घ्या. भेगा बुजवा. फाल्गुनातच वर चुन्याचे दोन-तीन हात द्या. चुन्यात थोडा डिंक किंवा बाजारात मिळणारा पांढरा चिकट पदार्थ मिसळावा, म्हणजे चुना धरून राहतो. पावसात तो बराच धुऊन जातो. दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो. पण खर्च थोडा आणि काम घरच्या घरी होते.

पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याचे पापुद्रे निघतात. पत्र्यासाठी ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो घ्यावा. आधी गंज घासून काढावा. चांगला पांढरा थर दहा भाग उन्हातले सात-आठ भाग परत आकाशात पाठवतो. खोलीतले उष्णतामान दोन-चार अंशांनी उतरते. दोन-चार अंश म्हणजे काय मोठेसे, असे म्हणू नका. ज्याला ताप येतो त्याला विचारा, दोन अंशांत केवढा फरक असतो.

दुसरा उपाय सावलीचा. पत्र्यावर हातभर उंच मांडव घाला. त्यावर दोडका, घोसाळे किंवा भोपळ्याचा वेल चढवा. भाजीही मिळते आणि पत्र्याला सावलीही मिळते. वेल नसेल तर शेतावरची हिरवी जाळी ताणून बांधा. जाळी पत्र्याला चिकटू देऊ नका. मधून वारा वाहिला पाहिजे.

तिसरा उपाय आतून. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई किंवा फळ्यांचे छत करा. वाड्यातल्या माळ्याचे हे धाकटे भावंड. मात्र चूल आणि विजेच्या तारा यांपासून ते दूर ठेवा. थर्मोकोल उघडा लावू नका, तो भडकन पेटतो.

वर चढताना सांभाळा. पत्र्याच्या मधोमध पाय देऊ नका, खाली आडवे दांडे आहेत तिथेच फळी टाकून चाला. सिमेंटचे जुने पत्रे तर पायाखाली फुटतात. ते घासू नका, फोडू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. कळीचा चुना विरवताना उकळी फुटते. तो डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीती. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

खिडकी आणि वारा

पश्चिमेच्या खिडकीतून तिसऱ्या प्रहरी ऊन आत येते. आपण आतून पडदा लावतो. पण काचेतून ऊन एकदा आत आले, की त्याची उष्णता घरातच राहते. म्हणून आडोसा बाहेरून करावा. बांबूचा चीक, गोणपाट, छोटासा छज्जा, काहीही चालेल. पश्चिमेला शेवगा किंवा कडुनिंब लावला, तर चार-पाच वर्षांनी तो फुकट सावली देतो.

आपल्या भागात दिवसा ऊन असले तरी रात्री हवा निवते. त्याचा फायदा घ्या. सकाळी नऊ-दहा वाजता उन्हाकडच्या दारे-खिडक्या लावून घ्या. सूर्य कलल्यावर आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. झरोका उंचावर असेल तर तोही उघडा. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. याला एक पैसाही लागत नाही.

पंखा, कूलर, एसी

आता यंत्रांकडे वळू. त्यासाठी थोडे गणित येऊ द्या.

विजेच्या बिलावर ‘युनिट’ असा शब्द असतो. एक हजार वॉटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट होते. साधा जुना पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो. तो दिवसाला १६ तास चालला तर ७५ × १६ म्हणजे १,२०० वॉट-तास झाले. म्हणजे रोज १.२ युनिट. महिन्याला ३६ युनिट.

आता बाजारात नव्या मोटारीचे पंखे आले आहेत. दुकानदार त्यांना ‘बीएलडीसी’ म्हणतात. ते सुमारे ३० वॉटवर तेवढाच वारा देतात. तोच हिशेब केला तर महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आत होतात. म्हणजे २१ युनिट वाचले. एका युनिटला सगळे आकार मिळून ८ रुपये पडतात असे धरू. महिन्याला १६८ रुपये वाचले. पंखा ३,००० रुपयांचा आणि वापर वर्षात आठ महिने धरला, तर सव्वादोन वर्षांत त्याची किंमत वसूल होते. पुढे नुसता फायदा. म्हणून चांगला चालणारा पंखा फेकू नका, पण जळालेला पंखा पुन्हा गुंडाळून आणण्याआधी हा हिशेब करा.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. अंगावरचा घाम वाऱ्याने सुकतो आणि गार वाटते. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा फिरवू नये.

कूलर माठासारखा चालतो. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, सुकते आणि सुकताना आतली उष्णता नेते. जुन्या काळी दाराला वाळ्याचे पडदे बांधून त्यावर पाणी मारत, ते याचसाठी. पुण्याकडे मार्च ते मे महिन्यांत हवा कोरडी असते, तेव्हा कूलर छान चालतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, मग पाणी सुकणार कुठे? तेव्हा पाणी न घालता नुसता वारा घ्यावा. कूलरपुढची एक खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. पाणी दर आठवड्याला बदला. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

एसीला कूलरच्या कितीतरी पट वीज लागते. दीड टनाचा एसी जोरात चालताना सुमारे दीड हजार वॉट घेतो. म्हणजे जुने वीस पंखे. आजारी माणसासाठी किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी तो घ्यावा लागला, तर घेताना वाचून घ्या. यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर चांदण्या असतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ पासून ही खूण सुरू केली. जास्त चांदण्या म्हणजे वीज कमी लागणार. पाच चांदण्या सर्वांत चांगल्या. चिठ्ठीवरचे सालही पाहा. मापे काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालच्या पाच चांदण्या आजच्या पाचांइतक्या नसतात.

एसी २४ अंशांच्या खाली नेऊ नका. एक अंश वर ठेवला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे त्या ब्यूरोचे सांगणे आहे. दाराखालची फट चिंधीने बुजवा. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. आणि छपराला पांढरा रंग आधी द्या, म्हणजे छोटा एसीही पुरतो.

पाणी तापवायचे कसे?

थंडीत खर्च होतो तो आंघोळीच्या पाण्यावर. वीस लिटरची बादली २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. घरात चार माणसे असली तर रोज दोन युनिट. महिन्याला ६० युनिट, म्हणजे आपल्या हिशेबाने ४८० रुपये.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांबट लोक तांब्याची भांडी घडवत आले. त्यांचा बंब घरोघर असे. बंबाची युक्ती पाहण्यासारखी आहे. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी. विस्तव नळीत, पाणी नळीभोवती. चुलीवरच्या हंड्याला धग फक्त खालून लागते आणि बरीचशी बाजूंनी वाया जाते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असतो. म्हणून चार ढलप्यांत पाणी तापते.

सूर्याचा बंब याहून चांगला. छपरावर काळ्या नळ्या आणि वर टाकी. काळा रंग ऊन पितो हे आपण डब्याच्या प्रयोगात पाहिले. इथे तोच गुण कामाला येतो. टाकीला बाहेरून जाड अस्तर असते, म्हणून दुपारचे तापलेले पाणी सकाळपर्यंत गरम राहते. शंभर लिटरचा बंब तीन-चार माणसांना पुरतो. पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले, तर इंधनाचा खर्च नाही. पुणे महानगरपालिकेने असा सौर प्रकल्प बसवणाऱ्यांना मिळकत करात ५ टक्के सवलत ठेवली. त्याच्या जोडीला गांडूळ खत किंवा पावसाचे पाणी साठवणे केले तर १० टक्के. पण प्रकल्प चालू पाहिजे. नुसता दाखवायला नको. आपल्याकडे काय नियम आहे, ते कचेरीत विचारून घ्यावे.

तेवढे पैसे आज नसतील तर काळा रंग दिलेला पिंप उन्हात ठेवा आणि संध्याकाळी आंघोळ करा. तेही पाणी कोमट होतेच.

पैसा वाचवा, पण जीव आधी

थंडीत दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटवून कधीही झोपू नका. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीतच पेटवावा. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात लावू नका, त्यानेही अशीच माणसे दगावली आहेत. तो बाहेर हवेशीर जागी बसवून पाण्याची नळी आत घ्यावी. विजेची सळई बादलीत असताना पाण्यात हात घालू नका. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग हात.

उन्हाळ्यात हवा अंगाच्या उष्णतेपेक्षा, म्हणजे ३७ अंशांपेक्षा बरीच तापली, की नुसता पंखा पुरत नाही. तो गरम वाराच अंगावर टाकतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसा, पाणी, ताक, पन्हे घ्या. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांना दुपारी पत्र्याखाली ठेवू नका. झाडाखाली किंवा समाजमंदिरात न्या. कोणी बरळू लागले, अंग तव्यासारखे तापले, शुद्ध हरपली, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

कोणते काम आधी?

१. बिनखर्चाचे: खिडक्या वेळेवर लावणे-उघडणे. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणे.

२. थोड्या खर्चाचे: छपराला चुना किंवा पांढरा रंग, वेलाचा मांडव, पश्चिमेला चीक.

३. मध्यम खर्चाचे: पत्र्याखाली छत, कमी विजेचा पंखा, कोरड्या दिवसांसाठी कूलर.

४. मोठ्या खर्चाचे: सूर्याचा बंब. अगदी गरज असेल तर पाच चांदण्यांचा एसी.

पायऱ्या याच क्रमाने चढाव्या. पहिल्या दोन चढलात, तर पुष्कळांना चौथीवरच्या एसीची गरजच पडणार नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. या महिन्याचे विजेचे बिल हातात घ्या. ‘वापरलेले युनिट’ कुठे लिहिले आहेत ते शोधा आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. दर महिन्याला असेच लिहा. यंदाचा मे आणि छपराला पांढरा रंग दिल्यानंतरचा मे, दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. काय फरक पडला, ते तुमचे तुम्हांलाच वाचता येईल.

प्रश्न

१. गोधडी ऊब कशी देते?

२. पडदा खिडकीच्या आतून लावण्यापेक्षा आडोसा बाहेरून का करावा?

३. ७५ वॉटचा पंखा रोज १० तास चालला, तर ३० दिवसांत किती युनिट होतील?

४. बंद खोलीत शेगडी पेटवून का झोपू नये?

५. तुमच्या घराला सर्वांत जास्त ऊन कुठे लागते? ते अडवण्यासाठी तुम्ही पहिले काय कराल? चार ओळी लिहा.